उतरवता येणारे सोंग



ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ अंबाजोगाईत ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांचा भर घोकंपट्टीपेक्षा प्रत्यक्ष कृतीवर असे, आणि म्हणूनच, ज्याचे नावही येथील बहुतेकांच्या कानांवरून गेलेले नसेल असा विषय त्यांच्या स्मृतीपुढे ठेवताना मला संकोच वाटत नाही. संतवाङ्मय, दुष्काळ, हैदराबादचा मुक्तिसंग्राम हे या जिल्ह्यातल्या कोणत्याही व्यासपीठाचे नित्याचे विषय. त्यांच्या पंक्तीला पाश्चात्त्य देशांतल्या हौशी मंडळींचा एक छंद आणून बसविण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच होय. त्याचे उत्तर ओघात येईल. प्रथम तो छंद आहे तरी काय, हे सांगतो.

अशी कल्पना करा, की तीस-चाळीस माणसे, ज्यांत कोणी पेढीवरचा कारकून आहे, कोणी परिचारिका, कोणी महाविद्यालयात शिकणारा मुलगा, तर कोणी निवृत्त अभियंता, एका शुक्रवारी संध्याकाळी गावाबाहेरच्या एखाद्या जुन्या गढीत जमतात. प्रत्येकाच्या हाती काही आठवडे आधी एक टिपण पडलेले असते, आणि पुढले दोन दिवस आपण कोण असणार, आपले घराणे कोणते, वैर कोणाशी, कोणती गोष्ट आपल्याला ठाऊक आहे व कोणाला ती कळता कामा नये, हे त्यात लिहिलेले असते. संवाद मात्र एकही लिहिलेला नसतो आणि शेवट कोणीही ठरविलेला नसतो. ठरल्या वेळी इशारा होतो, आणि त्या क्षणापासून रविवारच्या दुपारपर्यंत ती परिचारिका पदच्युत राणी असते, तो कारकून तिचा फितूर झालेला किल्लेदार असतो. ती दोघे त्याच नात्याने जेवतात, रुसतात, तह करतात, मध्यरात्री दिवा घेऊन एकमेकांच्या दाराशी जातात. हे सारे पाहायला प्रेक्षक म्हणून एकही इसम हजर नसतो. या छंदाचे शौकीन त्याला ‘लार्प’ म्हणतात. आजच्या पुरते मी त्याला भूमिकाक्रीडा म्हणणार आहे.

प्रेक्षक नसणे हीच या क्रीडेची मुख्य गोष्ट आहे, आणि नाटकाची परंपरा अंगात मुरलेल्या मराठी माणसाला हीच गोष्ट ध्यानी यायला वेळ लागतो. आपल्याकडे रसाचे अधिष्ठान सहृदय प्रेक्षकाच्या ठायी मानणारा अभिनवगुप्ताचा विचार शतकानुशतके प्रमाण मानला गेला. नट हा त्या आस्वादाचे साधन, आणि आस्वाद घेणारा समोर बसलेला. भूमिकाक्रीडेत ही वाटणीच नाहीशी होते. जो रडतो त्यालाच ते रडणे कळायचे असते, आणि राणीचा अपमान झाला तर तो कसा दिसला हा प्रश्न गौण ठरून तो कसा लागला हाच प्रश्न उरतो. येथे अभिनय वाईट असला तरी बिघडत नाही. अडखळत बोलणारा, रंगमंचावर पाऊल टाकायला धजणार नाही असा माणूस येथे उत्तम खेळाडू ठरू शकतो, कारण त्याने कोणाला काही दाखवायचे नसते. समोरच्याचे बोलणे ऐकून त्याला खऱ्या माणसासारखे उत्तर द्यायचे असते, एवढेच.

या छंदाचा इतिहास लांबलचक नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात मेजाभोवती बसून, फासे टाकून, प्रत्येकाने एकेका काल्पनिक वीराच्या वतीने बोलायचे असे. मेजावरून उठून तेच अंगाने करावे असे लोकांना वाटू लागायला फार अवधी लागला नाही. १९७७ साली वॉशिंग्टनच्या परिसरात ‘डॅगोरहिर’ या नावाने नकली शस्त्रांच्या लढाया सुरू झाल्या, आणि १९८२ साली इंग्लंडातील चेशायर परगण्यात, एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या पेकफर्टनच्या किल्ल्यात, ‘ट्रेझर ट्रॅप’ नावाचा खेळ मांडला गेला. पुढे जर्मनीत ब्रोकेलो येथे हजारो माणसे एकाच वेळी खेळू लागली. तर नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड या देशांत राक्षस आणि तलवारी बाजूला ठेवून निर्वासित, कैदी, विभक्त झालेले पतिपत्नी अशा गंभीर विषयांकडे हा छंद वळला. १९९७ साली ऑस्लो येथे ‘क्नुटेपुंक्ट’ या नावाने तेथल्या खेळाडूंचे संमेलन भरले. तेव्हापासून ते या चार देशांत आळीपाळीने भरत आले आहे आणि त्यात या क्रीडेची चिकित्सा एखाद्या शास्त्रासारखी केली जाते.

मला स्वतःला त्या इतिहासापेक्षा त्यांचा जाबता, म्हणजे नियमांची व्यवस्था, अधिक मोलाची वाटते. त्यांच्या लढाईतली तलवारच पाहा. आत काचतंतूची एक काठी, तिच्याभोवती जाड फोमचे थर, त्यावर रबराचा पातळ लेप, आणि त्या लेपावर पोलादाचा रंग; चार पावलांवरून ती खरी वाटावी आणि अंगावर बसली तर उशीचा फटका बसावा, अशी तिची घडण. वार करणाऱ्याने हात शेवटच्या क्षणी आखडायचा, डोक्यावर वार करायचा नाही, आणि घाव लागला की नाही याचा निवाडा वार करणाऱ्याने करायचा नाही. ज्याला लागला त्यानेच तो मोजायचा आणि आपण पडलो असे आपणच कबूल करून खाली बसायचे. पंच सर्वत्र पुरे पडत नाहीत. शेकडो माणसे रानात धावत असताना हरणाऱ्याच्या इमानावर सगळी लढाई चालते. जिंकण्यासाठी खोटे बोलणे जेथे अत्यंत सोपे आहे, तेथे हरल्याची कबुली हाच खेळाचा पाया करणे, ही मला त्या लोकांची मोठी कमाई वाटते.

गंभीर खेळांत तलवारीची जागा शब्द घेतात, आणि म्हणून तेथली दक्षता शब्दांतच असते. खेळापूर्वी सगळे एकत्र बसून कशाला हात घालायचा नाही ते ठरवितात. खेळ चालू असताना कोणीही, कोणत्याही क्षणी, कारण न देता ‘कट’ असे म्हटले की सर्व काही थांबते. ‘ब्रेक’ म्हटले की समोरच्याने जोर कमी करायचा, पण खेळ चालू ठेवायचा. आणि शेवटी, पोशाख उतरविल्यानंतर, पुन्हा सगळे वर्तुळात बसतात. राणीला कैदेत टाकणारा किल्लेदार त्या परिचारिकेला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतो, आणि काय झाले, काय मनाला लागले, ते उघड बोलले जाते. कारण भूमिकेतला राग किंवा जिव्हाळा मूळ माणसात झिरपतो आणि मूळ माणसाचे दुःख भूमिकेत झिरपते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले आहे. त्या झिरपण्यावर त्यांच्यात जितका विचार झाला आहे तितका आपल्या रंगभूमीवरही क्वचितच झाला असेल.

आता आपल्याकडे वळू. प्रेक्षकाविना भूमिका घेण्याची गोष्ट आपल्याला परकी आहे असे मानण्याचे कारण नाही. कार्तिकात द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत केव्हाही एखाद्या अंगणात जाऊन पाहावे: अंतरपाट धरलेला असतो, मंगलाष्टके चाललेली असतात, घरधनी वधूपिता झालेला असतो, शेजारी वऱ्हाडी झालेले असतात, आणि त्या वृंदावनातल्या तुळशीची पाठवणी करताना एखाद्या माउलीचे डोळे खरोखर भरून येतात. तेथे कोणी कोणाला काही दाखवीत नसते. एकनाथांच्या भारुडांत तर हा प्रकार वाङ्मयाच्या पातळीवर गेलेला आहे. पैठणच्या या ब्राह्मण संताने जोगवा मागणारी बाई, गोंधळी, वासुदेव, महार, डोंबारी अशा कितीतरी जणांच्या तोंडून बोलणे पत्करले. एवढेच नव्हे, तर त्या काळच्या मुलकी कारभारातली अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र ही दप्तरी कागदांची रूपे घेऊन, देह हा परगणा, जीव हा त्यावरचा अंमलदार आणि बुद्धी ही त्याची कारकून, असा सगळा जमाखर्च मांडला. जे कागद रयतेला धाक घालण्यासाठी निघत, त्यांचीच भाषा रयतेच्या तोंडी देऊन तिला तिच्याच अंतःकरणाचा हिशेब तपासायला लावणे, यात नाथांची केवढी समज दिसते! सोंगी भारुड रंगू लागले, की मंडळी टाळ्या वाजवीत वाजवीत धृपदात सामील होतात आणि प्रेक्षक व सोंगाडी यांच्यातली रेषा पुसट होते.

परंतु आपल्या परंपरेतला भूमिकाक्रीडेचा सर्वांत जवळचा नातेवाईक भारूड करणारा नव्हे, बहुरूपी होय. सुगी झाल्यावर खळ्यात धान्य आलेले असताना तो गावात शिरे. त्याला रंगमंच नाही, पडदा नाही, नांदी नाही. आजही आठवडी बाजारात खाकी गणवेश, कमरेला पट्टा, हाती छडी आणि काखेत वही असा एक फौजदार अकस्मात दुकानासमोर उभा राहतो; दुकानदाराच्या नावे वॉरंट निघाल्याचे दरडावून सांगतो, वहीची पाने उलटतो, गुन्ह्याची कलमे वाचू लागतो, आणि ती कलमे हळूहळू अशी काही वेडीवाकडी होत जातात, की पहिल्या वाक्याला दचकलेला दुकानदार चौथ्या वाक्याला हसू लागतो. मग अशक्य पक्वान्नांच्या एखाद्या अशक्य लग्नाचे आमंत्रण होते, यमकांची माळ लागते, आणि शेवटी छडी काखेला जाऊन हात पुढे होतो. बिदागी दिली की खेळ संपला. या खेळात दुकानदार प्रेक्षक नसतो. अटक त्यालाच झालेली असते.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. बहुरूपी दुकानदाराची परवानगी आधी घेत नाही. पण दुकानदाराच्या बापाने आणि आजाने बहुरूपी पाहिलेला असतो, आणि त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीतच खेळाची कबुलायत लिहिलेली असते. कायद्यानेही हे अंतर जाणले आहे. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम १७१ प्रमाणे लोकसेवकाचा पोशाख घालणे हा गुन्हा होता, पण आपण खरोखर लोकसेवक आहोत असा लोकांचा समज व्हावा, हा हेतू अथवा त्याची जाणीव त्यामागे असेल तरच. ओळख टिकली तर सोंग, ओळख तुटली तर अपराध. आणि ओळख तुटण्याचा याहून भयंकर परिणामही आपण पाहिला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, मुले पळविणारी टोळी समजून, जमावाने ठेचून मारले. ते बहुरूपी नव्हते. पण दारी येणाऱ्या भटक्या माणसाला त्याच्या वेषावरून ओळखण्याची, त्याचे येणे हा एक ठरलेला शिरस्ता आहे हे समजण्याची जी सामाजिक साक्षरता गावांत होती, ती लयाला गेल्याची ती घटना साक्ष आहे. आज बहुरूप्याच्या मुलाने बापाचा गणवेश चढवून अनोळखी गावात शिरावे असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

आपल्याच जिल्ह्यात, केज तालुक्यात, विडा हे गाव आहे. धुळवडीच्या दिवशी तेथे गावच्या एका जावयाला गाढवावर बसवून वाजतगाजत मिरवितात. एका मातब्बर देशमुखांच्या जावयापासून सुरू झालेली ही चाल आठ-नऊ दशकांपासून चालत आलेली आहे. सण जवळ आला की गावचे जावई परागंदा होऊ लागतात, आणि गावकरी त्यांच्या मागावर राहून एकाला गाठतातच. मिरवणूक मारुतीच्या देवळाशी संपते. तेथे त्याच जावयाला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी देऊन त्याचा सन्मान होतो. वृत्तपत्रे दरवर्षी याची गमतीदार बातमी छापतात. मला तिच्यात गमतीपेक्षा मोठे असे काही दिसते. ज्या घरात जावयाला पहिला पाट, पहिला मान आणि पहिला घास, त्या घराने वर्षातून एक सकाळ त्याला सर्वांत खालच्या आसनावर बसवायचे, आणि मध्यान्हीच्या आत त्याला सव्याज वर चढवायचे. हे शक्य होते, कारण तो मुळात उंचावर आहे आणि उतरण्याची वेळ ठरलेली आहे. हेच गाढव, हेच ढोल, हीच गल्ली, आणि वर बसविलेला माणूस जर गावकुसाबाहेरचा असेल, तर त्याच कृतीला आपण धिंड म्हणतो. तिला मध्यान्ह नसते आणि देवळाशी अंगठीही नसते.

या ठिकाणी मी आजच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. आपल्या समाजाला सोंगांची उणीव कधीच नव्हती; उणीव होती ती सोंग उतरवून ठेवण्याच्या अधिकाराची. अंगावर आसूड ओढणारा पोतराज, कमरेला चिंध्यांचा घागरा, वाढविलेले केस, कपाळी मळवट, असा मरीआईच्या नावाने दारोदार फिरे तेव्हा पाहणाऱ्याला ते एक विलक्षण नाट्य वाटे. पण नवसाने देवीला वाहिलेल्या त्या मुलाला ही भूमिका कोणी विचारून दिलेली नव्हती, आणि रात्री ती खुंटीला टांगून ठेवण्याची मुभाही त्याला नव्हती. म्हणूनच आंबेडकरी चळवळीच्या प्रेरणेने अनेक पोतराजांनी केस उतरविले, तेव्हा ती केवळ हजामत नव्हती. एका भूमिकेचा तो राजीनामा होता. बहुरूपी हा बहुरूप्याच्या पोटी जन्माला आला म्हणून बहुरूपी. शंभर रूपे घेण्याची कला त्याच्या अंगी, पण शंभरांतले एकही रूप त्याला कायमचे मिळण्याची सोय नाही, आणि आपले एकशे एकावे, जन्माचे रूप टाकण्याची तर नाहीच. आपल्या योगेश्वरीची कथा सर्वांना ठाऊक आहे. देवी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी विवाहासाठी निघाली, मुहूर्त टळला, आणि तिचे वऱ्हाड येथेच पाषाणाचे झाले. येथल्या हत्तीखाना लेण्यांतले ते दगडी हत्ती पाहताना मला आपली बलुतेदारी आठवते: जो ज्या भूमिकेत निघाला, तो त्याच भूमिकेत दगड झाला.

भूमिकाक्रीडेचा पहिला नियम याच्या नेमका उलट आहे. भूमिका मागून घ्यायची किंवा चिठ्ठीने काढायची, नको असेल तर नाकारायची, आणि मुदत संपली की परत करायची. या एका नियमामुळे, आणि केवळ याच नियमामुळे, तो छंद बीड जिल्ह्याच्या व्यासपीठावर बोलण्याच्या योग्यतेचा झाला असे माझे मत आहे.

हा नियम सुटला तर काय होते, याचेही उदाहरण आहे. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिप झिम्बार्डो या मानसशास्त्रज्ञाने तळघरात एक नकली तुरुंग उभारला. धडधाकट विद्यार्थ्यांतून काहींना कैदी आणि काहींना पहारेकरी केले. प्रयोग दोन आठवडे चालायचा होता. पहारेकऱ्यांच्या वागण्याने कैदी खचू लागल्यामुळे तो सहा दिवसांत बंद करावा लागला. त्या प्रयोगाच्या शास्त्रीयतेवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले, आणि ते विचारात घ्यावेत असेच आहेत. मला त्यातली वेगळीच गोष्ट बोधप्रद वाटते. ज्याने बाहेर उभे राहून खेळावर नजर ठेवायची, त्या झिम्बार्डो यांनी स्वतःच तुरुंगाच्या अधीक्षकाची भूमिका घेतली होती. पंचच खेळाडू झाला, आणि मग ‘पुरे’ म्हणणारा कोणी उरला नाही; ते म्हणायला बाहेरून आलेल्या क्रिस्टिना मास्लाक या तरुण संशोधिकेची गरज पडली. खेळाबाहेर एक तरी माणूस पूर्णपणे शुद्धीवर असला पाहिजे, हा नियम भूमिकाक्रीडेची मंडळी इतक्या कटाक्षाने का पाळतात, ते यावरून कळावे.

या छंदावर घेतला जाणारा पळपुटेपणाचा आक्षेप मी थोडक्यात निकालात काढतो. खऱ्या जगाचा कंटाळा आलेली माणसे कादंबरी वाचतात, कीर्तनाला बसतात, पंढरीची वाट धरतात. तेथून ती परत येतात, आणि येताना काही घेऊन येतात की नाही एवढेच पाहायचे असते.

शिक्षणाच्या अंगाने मात्र थांबून विचार केला पाहिजे. डेन्मार्कमध्ये होब्रो या गावी २००६ साली ‘ओस्टरस्कोव्ह’ नावाची एक निवासी शाळा स्थापन झाली; तेथे किशोरवयीन मुलांना इतिहास, गणित, भाषा हे विषय भूमिकांच्या द्वारे शिकविले जातात. एखादा आठवडा प्राचीन रोमचा ठरला, तर हिशेब रोमन व्यापाऱ्याचे, भाषण रोमन सभागृहातले, आणि भांडण रोमन वारसाहक्काचे. आपल्याकडेही या दिशेने एक पाऊल पडलेले आहे. १९६६-६७ मध्ये दिल्लीच्या शाळांतून युवा संसदेच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि पुढे त्या देशभर पसरल्या. पण आपल्या मुलांच्या त्या संसदेत मंत्र्याचे उत्तर आधीच लिहिलेले असते, विरोधी सदस्याचा संतापही पाठ केलेला असतो, आणि समोर परीक्षक गुण देत बसलेले असतात. म्हणजे ते पुन्हा नाटकच झाले. विरोधी बाकावरच्या मुलीने खरोखर बिनतोड प्रश्न विचारला आणि मंत्री झालेला मुलगा खरोखर निरुत्तर झाला, असे जोवर घडत नाही, तोवर त्या दोघांना संसद म्हणजे काय ते कळले असे मी म्हणणार नाही.

आणि म्हणून माझी सूचना अशी, की हा प्रयोग आपण आपल्याच मातीतल्या एका व्यवहारावर करावा. दरसाल या जिल्ह्यातली लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पावसाळ्यात मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. फडाशेजारी कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, उभी राहते. तोडायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, वाढे विकून चार पैसे करायचे, कारखान्याचा चिटबॉय सांगेल त्या फडावर सांगेल त्या वेळी हजर व्हायचे, आणि एक दिवस पडून राहिले तर खाडा, म्हणजे पैशांत कपात. खाड्याच्या या भयापायी बायकांनी तरुण वयात गर्भाशये काढून घेतल्याचे उघड झाले, तेव्हा २०१९ साली शासनाला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. हे सारे या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत आहे. परंतु माहीत असणे आणि उमगणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर आणखी एका व्याख्यानाने कमी होईल असे मला वाटत नाही.

तीस माणसे घ्यावीत. चिठ्ठ्या टाकून कोणी मुकादम, कोणी कारखान्याचा शेतकी अधिकारी, कोणी चिटबॉय, कोणी ऊस लवकर जावा म्हणून अधीर झालेला बागाईतदार, एखादी गावातल्या शाळेची बाई, आणि उरलेले कोयते व्हावेत. चार तासांत एक हंगाम बसवावा. ऊस तोडण्याचा देखावा करण्याची गरज नाही. कडब्याच्या पेंढ्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात वाहिल्या आणि कोणी त्या कसोशीने मोजल्या, तरी पुरे. उचलीचा आकडा, तोडीचा दर, खाड्याची कपात हे सर्व सुरुवातीला कागदावर मुकरर करावे आणि त्यानंतर कोणी कोणाला काय बोलावे हे कोणीही सांगू नये. पोर आजारी पडले अशी एक चिठ्ठी खेळातल्या मध्यरात्रीच्या सुमाराला कोणत्या तरी कोपीत पडेल. मग त्या कोयत्याने खाडा करायचा की नाही, मुकादमाने त्याला काय म्हणायचे, आणि बाजूच्या कोपीने काय करायचे, ते त्यांचे त्यांनी पाहावे. सरपंचाच्या मुलाला कोयत्यातल्या बाईची चिठ्ठी आली तर त्याने ती घ्यावी, आणि एखाद्या मुलीला मुकादमाची आली तर तिने वही उघडून हिशेबाला बसावे.

या खेळाची मर्यादाही सांगतो. सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात ते येथे अक्षरशः लागू आहे. उपाशी पोटाचे आणि पहाटे तीनच्या थंडीचेही सोंग आणता येत नाही. खेळून घरी गेलेल्या मुलाने आपल्याला ऊसतोड कळली असे म्हटले, तर त्याला तेथेच थांबवावे. त्याला कळू शकते ती एवढीच गोष्ट, की हिशेबाची वही दुसऱ्याच्या हाती असते तेव्हा शहाण्या माणसाचीही जीभ कशी जड होते, आणि वही आपल्या हाती आली की मऊ माणसाचाही आवाज कसा बदलतो. माझ्या मते एवढे कळले तरी पुष्कळ झाले. दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. ज्या मुलाचे आईबाप खरोखर फडावर आहेत त्याला कोयत्याची चिठ्ठी देणे हा निर्दयपणा होईल. त्याने स्वतः मागितली तर गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी शेतकी अधिकाऱ्याची खुर्ची राखून ठेवावी, आणि त्या खुर्चीवरून तो काय हुकूम सोडतो ते इतरांनी ऐकावे.

खेळाबाहेर राहून लक्ष ठेवायला दोन जाणती माणसे लागतील, ज्यांनी काही झाले तरी भूमिका घ्यायची नाही. थांबविण्याचा शब्द मराठीच असावा. ‘बस’ हा सर्वांच्या तोंडी आहे. चार तास खेळ, आणि त्यानंतर निदान दीड तास बोलणे, यात काटकसर करू नये. जेवण त्या बोलण्याच्या नंतर न ठेवता आधी ठेवावे, म्हणजे मुकादम आणि कोयता एका पंगतीला बसून मग बोलू लागतील. वेळ टोळ्या बाहेर पडण्यापूर्वीची, म्हणजे दसऱ्याच्या आधीची धरावी, कारण तेव्हा ज्यांना हा व्यवहार हातचा ठाऊक आहे ती माणसे गावातच असतात. ज्यांना सामील व्हायचे असेल त्यांनी आपली नावे व्याख्यानमालेच्या कार्यवाहांकडे नोंदवावीत. पण त्याही आधी, मुकादमी केलेला एखादा गृहस्थ आणि बरेच हंगाम मोळ्या उचललेली एखादी बाई, अशी दोघे आम्हांला उचलीचे आणि खाड्याचे नियम तपासून द्यायला हवी आहेत, आणि त्यांनी जो आकडा चुकीचा म्हटला तो आम्ही बदलू.